विहीर उपसली म्हणजे पेट्रोल गेलं?

पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळून विहिरीला वास आला, की वऱ्हाडात ठरलेला सल्ला: दोन दिवस मोटर चालवा, पाणी साफ. चूक आहे.

बादलीतला इंद्रधनुषी तवंग जातो, खरं. पण पेट्रोल मातीच्या कणांना, काळ्या पाषाणाच्या भेगांना चिकटून राहतं अन् पावसाळ्यात पाणी चढलं की पुन्हा सुटतं. त्यातलं बेन्झिन, म्हणजे कॅन्सर करणारं रसायन, पाण्यात विरघळतं, डोळ्याला दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. उकळाल, तर तीच वाफ स्वयंपाकघरात. तुरटीचं तर नावच नको.

आधी टाकी रिकामी करायची. मग खराब माती उकरणं, जमिनीतली वाफ ओढून काढणं, हवा सोडून पेट्रोल खाणाऱ्या जिवाणूंना कामाला लावणं. याला महिने, कधी वर्षं लागतात. तोवर प्यायचं पाणी दुसरीकडून आणा.