डेटा प्रतिकृतीकरण (वितरित डेटाबेस)

एकाच डेटाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवून त्या परस्परांशी जुळत्या राखण्याच्या पद्धतीला डेटा प्रतिकृतीकरण म्हणतात. एखादा सर्व्हर बंद पडला तरी सेवा चालू राहावी, वाचनाचा भार विभागला जावा आणि दूरच्या वापरकर्त्याला जवळच्या प्रतीतून उत्तर मिळावे, हे तिचे हेतू आहेत. प्रती वाढवल्याने लेखनक्षमता मात्र वाढत नाही, कारण प्रत्येक बदल सर्व प्रतींपर्यंत पोहोचवावाच लागतो. म्हणून मोठ्या प्रणालींत डेटाचे शार्डिंग करून, म्हणजे त्याचे तुकडे (शार्ड) वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागून, प्रत्येक शार्डच्या प्रती, बहुधा तीन, ठेवल्या जातात.

लेखन पूर्ण झाल्याची पोच केव्हा द्यावी, हा यातील सर्वांत कठीण प्रश्न होय. समकालिक पद्धतीत मुख्य सर्व्हरकडून बदल घेणाऱ्या दुय्यम प्रतीने तो नोंदवल्यावरच पोच मिळते. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो; त्यामुळे 10,000 किलोमीटरवरील प्रतीची वाट पाहायची, तर प्रत्येक लेखनाला किमान 100 मिलिसेकंद लागतात आणि हा विलंब कोणत्याही सॉफ्टवेअरने कमी होत नाही. असमकालिक पद्धतीत मुख्य सर्व्हर लगेच पोच देतो, पण बदल पुढे जाण्याआधीच तो निकामी झाला, तर पोच दिलेले लेखनही हरवू शकते.

सर्वच सर्व्हरना लेखनाची मुभा देणे आकर्षक वाटते, परंतु त्याची किंमत मोठी आहे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवले की अशा रचनेत सर्व्हर आणि वाहतूक दसपट झाल्यास डेडलॉक (व्यवहार एकमेकांची वाट पाहत अडकणे) किंवा जुळवणीचे (परस्परविरोधी बदलांचा मेळ घालण्याचे) प्रसंग हजारपट होतात. ‘शेवटचे लेखन ग्राह्य’ हा सोपा नियम लावल्यास, सर्व्हरच्या घड्याळांतील फरकामुळे एखादा वैध बदल मुकाट्याने नष्ट होतो, आणि हा दोष दिसत नसल्यामुळेच अधिक घातक आहे. ॲमेझॉनच्या डायनॅमो प्रणालीने (2007) परस्परविरोधी आवृत्त्या जपून त्यांची जुळवणी ॲप्लिकेशनकडे सोपवली; मात्र खरेदीच्या यादीतून काढलेली वस्तू जुळवणीनंतर पुन्हा अवतरण्याची शक्यता त्यात राहिली.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड गिफर्ड यांनी 1979 मध्ये मांडलेल्या मतगणनेच्या तत्त्वानुसार, तीन प्रतींपैकी दोन लेखनाला आणि दोन वाचनाला आवश्यक ठरवल्यास दोन्ही गटांत किमान एक प्रत समान येते, त्यामुळे वाचनात ताजे लेखन सापडते. तथापि एकाच वेळी होणाऱ्या लेखनांचा क्रम एवढ्याने ठरत नाही. तो क्रम सर्वांना मान्य व्हावा यासाठी पॅक्सॉस किंवा राफ्ट (2014) यांसारखे सहमतीचे अल्गोरिदम वापरतात. त्यांत पाच प्रतींपैकी दोन निकामी झाल्या तरी काम चालते. सर्व्हरमधील जाळे तुटून प्रतींचे दोन गट पडल्यास कमी प्रतींची बाजू मात्र लेखन नाकारते. आर्थिक नोंदींसाठी हा नकारच योग्य मानावा लागेल.

प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून दिलेली पुसण्याची आज्ञाही सर्व प्रतींवर तितक्याच तत्परतेने अमलात येते, त्यामुळे जुन्या स्थितीचे स्वतंत्र बॅकअप ठेवावेच लागतात.