पू न होणारी जखम

जखमेत पू झाला की आपण घाबरतो. काही बाळांच्या बाबतीत मात्र पू न होणं हीच मोठी धोक्याची खूण असते. जखम चिघळते, हिरड्या सुजतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो, पण पू कुठेच दिसत नाही. एरवी आठ-पंधरा दिवसांत पडणारी नाळ तीन-चार आठवडे तशीच राहते. रक्त तपासावं तर पांढऱ्या पेशी भरपूर. संसर्गात त्यांची संख्या घनमिलिमीटरमागे लाखापर्यंतही चढू शकते!

पू बनतो तो जखमेत पोचलेल्या पांढऱ्या पेशींमुळेच. इथे पेशी आहेत, पण त्यांना रक्तवाहिनीबाहेर पडता येत नाही. कारण त्यांच्यावर सीडी१८ हे प्रथिन पुरेसं नसतं.

पेशींच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची, बाहेरच्या गोष्टींना धरून ठेवणारी प्रथिनं असतात. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची ही जोडी. माणसात अशा २४ जोड्या सापडल्या आहेत. सीडी१८ ही त्यातली एक बीटा साखळी, आणि तिचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. ती पांढऱ्या पेशींवर चार वेगवेगळ्या अल्फांशी जोडी जमवते. ती नसेल तर चारही जोड्या पृष्ठभागावर पोचतच नाहीत.

निरोगी शरीरात काय होतं? संसर्गाजवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन ही प्रथिनं उगवतात. वाहत्या पांढऱ्या पेशीला ती पकडतात आणि सोडतात, पुन्हा पकडतात. पुरात वाहणाऱ्याच्या हाती काठचं गवत यावं तसं. वेग मंदावतो, पेशी गडगडत राहते, पण थांबत नाही. थांबवतं ते इंटिग्रिन. एरवी ते वाकून मिटलेलं असतं, आणि ते बरंच आहे. सगळ्याच पेशी सदैव चिकट राहिल्या तर रक्त वाहणार कसं? अस्तरावरून रासायनिक इशारा मिळाला की पेशीच्या आतून टॅलिन हे प्रथिन इंटिग्रिनच्या शेपटीला भिडतं. इंटिग्रिन ताठ उभं राहतं आणि त्याची पकड हजारो पटींनी वाढते. पेशी जागीच रोवली जाते, मग फटीतून पलीकडे सरकते. इंटिग्रिनचा हा उलगडा करणाऱ्या रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२२चा लास्कर पुरस्कार मिळाला.

सीडी१८च्या अभावाचा हा आजार (ल्यूकोसाइट अ‍ॅडहेजन डिफिशियन्सी) फार दुर्मीळ, साधारण दहा लाख जन्मांत एक. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं, म्हणून नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मुख्य उपाय. (नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना हा आजार नसतो, हेही सांगायला हवं.)

हाच दोष होल्स्टिन गाईंतही आहे. सीडी१८च्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने वासरं दगावतात. या बदलाचा माग ऑस्बर्नडेल आयव्हनहो या एकाच अमेरिकी वळूपर्यंत जातो. कृत्रिम रेतनाने तो जगभर पसरला. संकरित गाईंसाठी भारतातही रेतकेंद्रांवरचे वळू यासाठी तपासले जातात.

उलट, ही पकड मुद्दाम सोडवूनही पाहिली गेली. सोरायसिसवरचं इफालिझुमॅब हे औषध २००३मध्ये अमेरिकेत आलं. ते सीडी१८च्या एका जोडीला अडवत असे. काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित पडून राहणाऱ्या विषाणूने डोकं वर काढलं, आणि २००९मध्ये औषध मागे घ्यावं लागलं. त्याच जोडीला अडवणारं लिफिटेग्रास्ट अमेरिकेत २०१६पासून वापरात आहे, पण फक्त कोरड्या डोळ्यांत घालायचे थेंब म्हणून.