वर्गांक एकटा पाठवू नका : सराव संच घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

ग्रंथालयशास्त्र प्रमाणपत्र परीक्षेचा किंवा बी.लिब.चा, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा, सराव संच आमच्याकडून घेतलेल्या आणि घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. तुमच्यातले बरेचजण शाळेत आधीपासून ग्रंथालय सांभाळताय, कुणी अर्धवेळ ग्रंथपाल आहे, कुणाकडे शिकवण्याच्या कामासोबत कपाटांच्या चाव्या पण दिल्यात, त्यामुळे दाखल नोंदवही म्हणजे काय, बोधांक कुठे चिकटवायचा हे इथे सांगत बसत नाही. ते तुम्हाला रोजचं आहे. संचातल्या शीटवर पुस्तकांची शीर्षकं असतात आणि डेवीच्या दशांश वर्गीकरण पद्धतीने प्रत्येकाचा वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला मिळणारा नंबर, काढायचा असतो. पण दर बॅचला एक प्रश्न मात्र हमखास येतो, फोनवर येतो, व्हॉट्सॲपवर येतो, दुकानात उभं राहून पण विचारतात, की "इंडेक्समध्ये तर हाच नंबर दिलाय, मग तुम्ही त्याला लाल गोल का केला?"

त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून देतोय.

इंडेक्स, म्हणजे डेवीच्या ग्रंथातली विषयांची सूची, हे उत्तर नाहीये. डेवीच्या पद्धतीत पुस्तक आधी ज्ञानशाखेत बसवायचं असतं आणि मग विषयात. एकच विषय चार शाखांमध्ये विखुरलेला असतो आणि इंडेक्स तुम्हाला फक्त तो कुठे कुठे विखुरलाय ते दाखवतो, म्हणून तर त्याला सापेक्ष निर्देशसूची म्हणतात. आता भात घ्या. भाताच्या लागवडीवरचं पुस्तक ६३३.१८ ला जातं, कारण ती शेती झाली. भाताच्या पाककृतींचं पुस्तक ६४१.६३१८ ला, कारण तो स्वयंपाक. आणि भाताचं उत्पादन, बाजार, भाव यावरचं अर्थशास्त्राचं पुस्तक ३३८.१७३१८ ला. तिन्ही पुस्तकांच्या नावात "भात" किंवा "तांदूळ" असू शकतो. जो इंडेक्समध्ये तांदूळ शोधून पहिला दिसेल तो नंबर उचलतो, त्याचं एक उत्तर बरोबर येतं आणि दोन चुकतात, आणि ते एक बरोबर कसं आलं हेही त्याला सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण आमच्या शीट क्रमांक २ वरचं, तिथे सगळ्यात जास्त लाल शाई जाते. शीर्षक आहे "महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास". बरेचजण महाराष्ट्र आणि इतिहास हे दोन शब्द बघतात आणि सरळ ९५४.७९२ लिहून मोकळे होतात. पण हे पुस्तक महाराष्ट्राच्या इतिहासाचं नाहीये हो, हे शिक्षणाचं पुस्तक आहे. शिक्षण ३७०, त्यात प्राथमिक ३७२, त्याचा इतिहास नि भौगोलिक माहिती ३७२.९, आणि त्याला टेबल २ मधलं, म्हणजे प्रदेशांसाठी जोडायच्या अंकांच्या यादीतलं, महाराष्ट्राचं ५४७९२ जोडलं की झालं ३७२.९५४७९२. शाळेच्या कपाटात बघा ना, हे पुस्तक तुमच्या डीएडच्या पुस्तकांशेजारी पाहिजे की शिवकालावरच्या पुस्तकांशेजारी? शिक्षकाला ते कुठे सापडेल? तेवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी शाखा चुकत नाही.

म्हणून आमची विनंती म्हणा, अट म्हणा, प्रत्येक शीर्षकाखाली तीन ओळी लिहायच्याच. पहिल्या ओळीत शाखा कुठली धरली आणि का, अगदी चार शब्दांत. दुसऱ्या ओळीत शेड्यूलमधला, म्हणजे वर्गांकांच्या मुख्य यादीतला, मूळ नंबर. तिसऱ्या ओळीत काय जोडलं आणि कुठल्या सूचनेवरून जोडलं. शीटवर त्यासाठी जागा सोडलेली आहे, ती रिकामी जागा छपाई वाचवायची म्हणून ठेवलेली नाही. नुसता वर्गांक लिहून फोटो पाठवला की आम्हाला उलटं चालत जाऊन शोधायला लागतं की तुमचा पाय नेमका कुठे घसरला, शाखेत, शेड्यूलमध्ये की टेबलमध्ये, आणि एका शीटला जो वेळ लागायचा त्यात तीन शीट झाल्या असत्या. मग बाकीच्यांच्या शीट उशिरा जातात आणि फोन आम्हालाच येतात. तीन ओळी असल्या की चूक दोन मिनिटांत सापडते आणि मुख्य म्हणजे तुम्हाला स्वतःलाच सापडते, कितीतरी जण लिहिता लिहिता उत्तर दुरुस्त करून पाठवतात, ते खोडलेलं बघून आम्हाला मनापासून बरं वाटतं.

काहीजण म्हणतात की एवढं कशाला, नंबर पाठच करून टाकतो. दहा मुख्य वर्ग आणि शंभर विभाग पाठ असलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. त्याच्यापुढे पाठांतर दगा देतं. शून्याचंच बघा. टेबल १ प्रमाणे शब्दकोश आणि ज्ञानकोशासाठी -०३ लागतो. रसायनशास्त्राचा कोश ५४०.३ होतो पण भौतिकशास्त्राचा ५३०.०३ होतो. नियम एकच, तरी एकाला एक शून्य आणि दुसऱ्याला दोन, कारण ५३०.१ पासूनच्या जागा शेड्यूलने भौतिकशास्त्राच्याच बाबींसाठी आधीच वापरल्यात. हे पाठ करून येत नाही, पान उघडून बघायला लागतं. मराठी साहित्यातही तसंच, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४ इथपर्यंत सगळे घडाघडा सांगतात, आणि मराठी कवितेच्या समीक्षेचा ग्रंथ आला की ८९१.४६१०९ लिहितात. तो ८९१.४६१००९ आहे, तिथेही एक शून्य राहतो. एक शून्य राहिला तर पुस्तक दुसऱ्याच जागी जाऊन बसतं आणि मार्क तर जातातच.

आणि हो, तुमच्या केंद्रावर डेवीची कुठली आवृत्ती ठेवतात ते आधीच विचारून घ्या. १९ व्या आवृत्तीत कॉम्प्युटर ००१.६ ला होता, १९८९ च्या २० व्या आवृत्तीपासून तो ००४ ला आला. आमच्या उत्तरांमध्ये जिथे असा फरक पडतो तिथे दोन्ही दिलेले आहेत. चार खंडांच्या आवृत्तीवर सराव करत असाल तर टेबलं पहिल्या खंडात आणि इंडेक्स चौथ्यात असतो, तेव्हा शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका, खंड हाताळायची सवय परीक्षेआधी झालेली बरी. शाळेत खंड नसतील तर जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विनंती करा, आमच्या अनुभवात बहुतेकजण तिथे बसून बघू देतात.

उत्तरसूची संचासोबत का देत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. देतो, पण तपासलेल्या शीटसोबत देतो. आधी दिली की काय होतं, शीर्षक वाचलं, उत्तर बघितलं, "हां, हेच येणार होतं" असं वाटलं आणि पुढे. त्याने हॉलमध्ये काही निभावत नाही. कुणाला हे जाचक वाटत असेल, पण संच ज्यासाठी विकत घेतलाय तेच काम त्याने करावं असं आम्हाला वाटतं. "येणारच" म्हणून छापलेले प्रश्न पण आमच्याकडे मिळत नाहीत, कितीही फोन आले तरी.

तालिकीकरणाबद्दल, म्हणजे पुस्तकाची नोंद कार्डावर लिहिण्याबद्दल, थोडंच सांगतो. कार्ड १२.५ बाय ७.५ सेंटिमीटरचं, आणि लाल उभ्या रेषा पाळूनच लिहायचं, पहिल्या रेषेपासून कर्ता, दुसऱ्या रेषेपासून शीर्षक. वहीच्या पानावर चौकोन काढून सराव केला की अंदाज चुकतो, म्हणून आम्ही जाड कागदाची रेषा छापलेली कोरी कार्डं संचात देतो, जास्तीची लागली तर सुटी पण मिळतात. एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमसंहितेत तीनपेक्षा जास्त लेखक असले किंवा संपादित ग्रंथ असला तर मुख्य नोंद शीर्षकाखाली जाते, हे लक्षात राहतं सगळ्यांच्या. अडतं ते मराठी नावांत. आधुनिक लेखक आडनावाखाली, पण ज्ञानेश्वर, तुकाराम हे नावाखालीच, तिथे आडनाव शोधायला जाऊ नका. आणि टोपणनावांत सगळ्यात छान उदाहरण कुसुमाग्रजांचं आहे, कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने, मग दोन्ही नावं आपापल्या जागी ठेवायची आणि एकीकडून दुसरीकडे "हेही पाहा" असा संदर्भ द्यायचा. परीक्षेला आलं नाही तरी शाळेच्या ग्रंथालयात हे लागतंच, पोरं येऊन विचारतात.

थिअरीसाठी आमच्या नोट्स पुरेशा आहेत. डॉ. रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रं, त्यावरचा १९३१ चा ग्रंथ, त्यांचीच १९३३ ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ हे सगळं त्यात आहे. फक्त सूत्रं लिहिताना प्रत्येकाखाली स्वतःच्या शाळेतलं एक उदाहरण टाका. "वाचकाचा वेळ वाचवा" याच्याखाली मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांची रांग लागते तेव्हा तुम्ही देवघेव कशी उरकता ते लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळतं की या उमेदवाराने हे काम केलेलं आहे. ही तुमची जमेची बाजू आहे, नुसत्या पुस्तकावरून अभ्यास करणाऱ्याकडे ती नसते, ती वाया घालवू नका.

केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपाल पदाची तयारी करणाऱ्यांनी मात्र हा संच घ्यायच्या आधी बोलून घ्या. त्या पदाला बी.लिब. किंवा पदवी आणि एक वर्षाचा ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा लागतो, आणि ती मुख्यतः पर्यायी उत्तरांची भरती परीक्षा आहे, तिथे कार्ड लिहायला लागत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्नसंच आहे, या संचातला वर्गीकरणाचा भाग उपयोगी पडतो पण पूर्ण पैसे यात घालू नका.

संचात वर्गीकरणाच्या शीट, कोरी कार्डं, थिअरीच्या नोट्स आणि सगळ्या शीटची हाताने केलेली तपासणी येते, तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. शीट दुकानात आणून द्या, पोस्टाने पाठवा किंवा फोटो पाठवा, फोटो पाठवणार असाल तर सरळ वरून उजेडात काढा आणि पहिल्या पानावर नाव नि बॅच लिहा. एका वेळी एकच शीट पाठवा, ती परत आली की तिच्यावरच्या चुका बघून मगच पुढची सोडवा, पाच शीट एकदम पाठवल्या तर एकच चूक पाच वेळा तपासायला लागते. तीन ओळी नसलेली शीट आम्ही न तपासता परत पाठवतो, तेवढं यावेळपासून पक्कं केलंय. आणि परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या शीट वेळेत परत मिळतीलच असं सांगता येत नाही, तेव्हा पहिली शीट या रविवारीच सोडवायला घ्या.