पियानो सॉफ्टवेअरचा आवाज टोचतोय? आधी हातोडा बघा, मग इक्यू

व्हर्च्युअल पियानो वाजवणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. आवाज टोचतो, नाहीतर आवाज दबलेला वाटतो. दोन्हींवर बहुतेकांचा उपाय एकच असतो: इक्यू (इक्वलायझर, म्हणजे आवाजातल्या ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणारं साधन) उघडायचा आणि ट्रेबल, म्हणजे वरच्या वारंवारता, कमी-जास्त करायचा. लगेच बरं वाटतं. पण तासभर वाजवलं की दुसरंच काहीतरी खटकायला लागतं. टोचणं गेलं, पण हळू वाजवलेले सूर आता निर्जीव झाले. किंवा मधलं सप्तक छान लागतंय आणि अगदी वरच्या पट्ट्या पोकळ वाजतायत. मग इक्यूचा आणखी एक बँड, त्याच्या जोडीला तिसरा, आणि शेवटी मूळ प्रीसेटच (तयार सेटिंग) बरा होता असं वाटून सगळं रीसेट.

याचं कारण असं की आवाज उजळ किंवा मवाळ करण्याच्या दोन वेगळ्या वाटा या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि त्या सहज एकमेकींत मिसळल्या जातात. एक वाट हातोड्याच्या, म्हणजे पट्टी दाबल्यावर तारेवर आपटणाऱ्या भागाच्या कडकपणाची, जिला पियानोवाले व्हॉइसिंग म्हणतात. दुसरी इक्यूची. एकच पट्टी एकाच जोराने दाबून ऐकलं तर दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा वाटू शकतो. फरक कळतो तो प्रत्यक्ष वाजवायला लागल्यावर. म्हणून निदान नीट व्हायला हवं: बोटाच्या जोराबरोबर जो दोष वाढतो-घटतो, तो हातोड्याचा. जोर कितीही असो, जो तसाच्या तसा राहतो, तो इक्यूचा.

हातोड्यात नेमकं काय घडतं

इ.स. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पहिला पियानो बनवला, तेव्हा हातोड्याच्या टोकाला चामडं होतं. पुढे 1826 मध्ये पॅरिसच्या ज्याँ-आँरी पापने दाबलेल्या लोकरीचा, म्हणजे फेल्टचा हातोडा आणला आणि आज आपण ज्याला पियानोचा आवाज म्हणतो तो या फेल्टमुळे आहे. फेल्टचा गुण असा की जितकं जोरात दाबाल तितकं ते जास्त कडक होत जातं. हळू वाजवलं की हातोड्याचा वरचा मऊ थर तेवढा तारेला लागतो. तो तारेला जरा जास्त वेळ चिकटून राहतो आणि वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले उंच उपसूर, उठूच देत नाही. जोरात वाजवलं की फेल्ट आतपर्यंत दाबलं जातं, दगडासारखं वागतं, तारेवरून चटकन उडतं आणि वरचे हार्मोनिक मोकळे सुटतात. हा सगळा खेळ खालच्या सुरांत काही मिलिसेकंदांचा आणि अगदी वरच्या सुरांत एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळाचा.

म्हणून पियानोवर हळू आणि जोरात वाजवलेला एकच सूर फक्त लहान-मोठा नसतो, त्याचा पोतच वेगळा असतो. जोरात वाजवलेल्या सुराचं रेकॉर्डिंग आवाज कमी करून ऐका. तो हळू वाजवलेला सूर वाटणार नाही. तो दूरवरून ऐकू येणारा जोरकस सूरच वाटेल.

खऱ्या पियानोचा आवाज फार टोचायला लागला की तंत्रज्ञ हातोड्याच्या फेल्टमध्ये सुया टोचून ते सैल करतो. आवाज फार मवाळ असेल तर फेल्टवर कडक करणारं द्रावण सोडतो, नाहीतर वरचा भुसभुशीत थर पॉलिश पेपरने घासून काढतो. यातली नजाकत अशी की सुई कुठे टोचली यावर फक्त हळू वाजवलेले सूर बदलायचे की जोरात वाजवलेलेही, हे ठरतं. टोकाजवळ उथळ टोचलं तर हळूवार वादन मवाळ होतं; हातोड्याच्या खांद्यांशी, म्हणजे बाजूंना, खोल टोचलं तर पूर्ण ताकदीचा आवाज बदलतो.

हीच गोष्ट पियानोटेकने स्लायडरमध्ये आणली आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या मोदार्त कंपनीचं हे सॉफ्टवेअर 2006 मध्ये आलं. त्यात रेकॉर्ड केलेले सूर नसतात. तार, हातोडा आणि साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) यांचं गणित प्रत्येक सुरागणिक चालू असतं. त्याच्या व्हॉइसिंगच्या भागात हातोड्याच्या कडकपणाचे तीन स्लायडर आहेत: पियानो, मेझो आणि फोर्ते. म्हणजे हळू, मध्यम आणि जोरात वाजवताना हातोडा किती कडक असावा हे तीन ठिकाणी वेगवेगळं ठरवता येतं. हे स्लायडर स्टँडर्ड आवृत्तीपासून मिळतात, सगळ्यात साध्या आवृत्तीत नाहीत. मला विचाराल तर पूर्ण सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात मोलाची जागा आहे, आणि लोक ती ओलांडून थेट रिव्हर्बकडे (खोलीच्या घुमण्याचा परिणाम) जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

इक्यूला बोटं दिसत नाहीत

इक्यू बघतो फक्त वारंवारता. 3000 हर्ट्झला 6 डेसिबल कमी करा असं सांगितलं की तिथे जे येईल ते तो तेवढंच कमी करतो. पट्टी हळू दाबली की जोरात, सूर खालचा की वरचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता हाच 3000 हर्ट्झचा कट जवळून बघू. मधल्या सीच्या वरचा ए घ्या, 440 हर्ट्झचा. त्याचा सातवा हार्मोनिक 3080 हर्ट्झवर येतो, तारेच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात किंचित वरच. म्हणजे या सुराचा थोडासा तिखटपणा कमी झाला. छान, हवं होतं तेच. दोन सप्तकं खाली 110 हर्ट्झच्या ए या सुरावर या. तिथे 3000 च्या आसपास सत्ताविसावा हार्मोनिक आहे. तो गेला काय नि राहिला काय, हळू वाजवताना फरक कळतही नाही. आता उजवीकडे अगदी वरच्या सप्तकात जा. तिथला एफ शार्प 2960 हर्ट्झचा आहे आणि त्याच्या शेजारचा जी 3136 चा. या दोन पट्ट्यांचा 3000 हर्ट्झ हा तिखटपणा नाही, तो त्यांचा मूळ सूरच आहे. तुम्ही मधल्या सप्तकाचं टोचणं काढायला गेलात आणि वरच्या काही पट्ट्यांचा गाभाच काढून घेतलात. त्या पट्ट्या पोकळ का वाजतात याचं उत्तर इथे आहे.

उलट बाजूने बघा. आवाज दबलेला वाटतो म्हणून ट्रेबल वाढवलं. पण हळू वाजवलेल्या सुरात वरचे हार्मोनिक मुळात जवळजवळ नसतातच. जे नाही ते इक्यू वाढवणार कुठून? मग तो तिथे जे सापडेल ते वाढवतो: रेकॉर्डिंगची सूं सूं, पेडलची खरखर, पट्टीचा टक् आवाज. हातोडा कडक केला तर तारेतून नवे हार्मोनिक खरोखर उठतात. इक्यू फक्त आहे त्याची वाटणी बदलतो.

सॅम्पलवाल्या पियानोत हातोडा कुठे असतो?

बहुतेकांकडे रेकॉर्ड केलेल्या सुरांचे, म्हणजे सॅम्पलचे पियानो असतात आणि घोळ खरा तिथे होतो. त्यांत प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या जोराने वाजवून रेकॉर्ड केलेली असते. या थरांना व्हेलॉसिटी लेयर म्हणतात. एकदा रेकॉर्डिंग झालं की त्या हातोड्याला सुई टोचता येत नाही. तरीही इंटरफेसवर टोन, कलर, टिंबर, ब्राइटनेस अशा नावांचा एक नॉब असतोच. त्यामागे दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर तो साधा फिल्टर असतो, म्हणजे वेगळ्या नावाचा इक्यूच. नाहीतर तो लेयर सरकवतो: तुम्ही मध्यम जोराने वाजवलं तरी हळू वाजवलेलं रेकॉर्डिंग उचलतो आणि त्याचा आवाज वाढवून देतो. ही दुसरी युक्ती खऱ्या व्हॉइसिंगच्या बऱ्याच जवळ जाते, कारण मऊ हातोड्याने उठलेले खरे हार्मोनिक तिथे आहेत. मात्र फार सरकवलं तर वरचे लेयर कधी वापरलेच जात नाहीत आणि पूर्ण ताकदीने वाजवलं तरी पियानो गळाठल्यासारखा वाटतो.

आपल्या नॉबमागे काय आहे हे मॅन्युअल न उघडताही कळतं. नॉब एका टोकाला न्या आणि एकच पट्टी अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत वाजवत जा. मग नॉब दुसऱ्या टोकाला नेऊन तेच करा. प्रत्येक जोराला सारखाच पडदा पडल्यासारखं किंवा उघडल्यासारखं वाटलं तर तो फिल्टर. हळूपासून जोरापर्यंतचा प्रवासच बदलला, म्हणजे उजळपणा आधी किंवा उशिरा यायला लागला, तर लेयर सरकतायत.

सॉफ्ट पेडल दाबून ऐकणं हाही एक चांगला धडा आहे. ग्रँड पियानोत ते पेडल दाबलं की सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकते. तीन तारांच्या सुरात हातोडा दोनच तारांवर पडतो, आणि तोही फेल्टच्या कमी घट्ट झालेल्या भागाने. म्हणजे पायाने, चालू वादनात केलेलं व्हॉइसिंगच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये या पेडलचे वेगळे सूर रेकॉर्ड केलेले असतील तर ते आणि ट्रेबल कमी केलेला आवाज पाठोपाठ ऐका. पेडलचा आवाज मवाळ होऊनही जिवंत राहतो. दुसरा नुसता झाकोळतो.

निदान कसं करायचं

दोन चाचण्या पुरतात. पहिली, मधली एक पट्टी घ्या आणि जोर हळूहळू वाढवत नेऊन टोचणं कुठे सुरू होतं ते बघा. हळू वाजवताना आवाज गोड आहे आणि मध्यमाच्या पुढे एकदम धातूसारखा होतो? हातोडा. दुसरी, एकाच मध्यम जोराने खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवत जा. ठरावीक चार-पाच पट्ट्याच घुमतायत किंवा ओरडतायत, बाकी ठीक? मग तो स्पीकरचा, हेडफोनचा किंवा खोलीचा दोष आहे, इक्यू. दुसरे हेडफोन लावल्यावर तो दोष गेला किंवा दुसऱ्या पट्ट्यांवर सरकला, तर शंकाच नको.

यात एक तिसरा गुन्हेगार लपलेला असू शकतो: व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या कुठल्या जोराला कुठला आकडा द्यायचा हे ठरवणारी रेषा. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर ज्या भाषेत बोलतात तिच्यात, पट्टीचा जोर 1 ते 127 या आकड्यांत जातो. तुमचा कीबोर्ड साध्या स्पर्शालाच 100 च्या पुढचे आकडे पाठवत असेल तर सॉफ्टवेअर बिचारं सतत जोरातलाच हातोडा मारत राहणार, आणि तुम्हाला तो टोचणारच. असं असेल तर ना हातोड्याला हात लावा ना इक्यूला. आधी कर्व्ह अशी बसवा की तुमचं नेहमीचं मध्यम वादन 60-70 च्या आसपास पडेल. अर्ध्याअधिक लोकांचं काम इथेच संपतं असं मी ठामपणे म्हणेन.

कर्व्ह जागेवर आली की हातोडा. पियानोटेकमध्ये टोचणं फक्त जोरात असेल तर फोर्तेचाच स्लायडर थोडा खाली आणा. ‘पियानो’ हा हळू वादनाचा स्लायडर मुळीच हलवू नका, नाहीतर हळूवार वादनाचा रंग विनाकारण जाईल. दबलेल्या आवाजाची तक्रार असेल तर बहुतेक वेळा मेझो वाढवून भागतं, कारण आपलं बहुतेक वाजवणं त्याच मध्यम जोरात असतं.

इक्यू सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या खऱ्या कामासाठी. ते काम कमी दर्जाचं मुळीच नाही. खोलीत कुठलातरी खालचा सूर घुमतो, तिथे अरुंद कट हाच उपाय. हातोडा कितीही मऊ केला तरी भिंती बदलत नाहीत. गायकाच्या मागे पियानो वाजवायचा असेल तर 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलची रुंद घट दिली की गळ्याला जागा मिळते. पेडलची अगदी खालची धडधड काढायला लो-कट, म्हणजे खालच्या वारंवारता कापणारा फिल्टर, लावा, पण सगळ्यात खालच्या ‘ए’चा मूळ सूर 27.5 हर्ट्झचा आहे हे लक्षात ठेवून. तो मूळ सूर लहान स्पीकरमधून तसाही येत नाही. कान वरच्या हार्मोनिकांवरूनच तो सूर ओळखतो.

दोन सेटिंगची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. कडक हातोडा आणि वाढवलेलं ट्रेबल, दोन्ही आवाज थोडा मोठा करतात, आणि कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. पातळी जुळवली की कित्येकदा आवडलेलं सेटिंग बदलतं. तुलनेसाठी एकच ओळ रेकॉर्ड करून मिडीवरून परत परत वाजवू द्या, म्हणजे प्रत्येक वेळी जोर तोच राहील. पण अंतिम पसंती मात्र स्वतःच्या हाताने वाजवूनच करा, कारण हातोड्याचा फरक आधी बोटांना कळतो आणि मग कानाला.