एका उकडीची दोन बिस्किटं

चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणाऱ्या घराला बेकिंग नवं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचा गोळा चहूबाजूंनी शेकला जातो, ओव्हनमध्येही तेच होतं. म्हणून नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात छोटा ओव्हन आला तेव्हा मी मैदा न आणता घरातलंच ज्वारीचं पीठ घेतलं. थंड पाण्यात मळलं, बिस्किटं कापली, भाजली. ट्रेमधून उचलायला गेले तर बोटांतच भुगा झाला.

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं ताणलं जाणारं जाळं तयार होतं. ज्वारीची प्रथिनं वेगळी, कितीही मळा, ते जाळं होत नाही. मग भाकरी कशी थापली जाते? गरम पाण्यामुळे. साधारण ७० अंश सेल्सिअसला पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची घट्ट रचना मोडते आणि खळीसारखा चिकटपणा येतो. भाकरी थापणारे हात हे कधीचंच जाणतात. मीच ओव्हन पाहून ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाट्या पिठातल्या पाऊण वाटीची उकड काढली. त्यात उरलेलं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेलं लाल कोहळं आणि भाजलेल्या फल्लीदाण्यांचा कूट घातला. गोळा कोमट असतानाच मळला. हाताला लागला तो थेट भाकरीच्या पिठासारखा. इथेच त्याचे दोन भाग केले, एक आमच्यासाठी, एक आमच्या कुत्र्यासाठी, मोतीसाठी. आमच्या भागात गूळ, चिमूटभर मीठ आणि किसलेली संत्र्याची साल. सालीतल्या बारीक पिशव्यांत लिमोनीन नावाचं सुगंधी तेल असतं, आपल्याला हवासा वाटणारा वास त्याचाच. कुत्र्याच्या पोटाला मात्र ते सोसत नाही.

उकडीचा उपयोग फक्त बिस्किट धरून ठेवण्यापुरता नाही. कच्चं पिष्ट पचायला जड, उकडलेलं सोपं, हे माणसाला लागू आहे तसंच कुत्र्यालाही. २०१३ साली संशोधकांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या सोबतीनं राहताना कुत्रा भाकरतुकडा पचवायला शिकला, ते असं जनुकांत उतरलं आहे. तरी त्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसतंच, पिष्टाचं पचन आतड्यात सुरू होतं. त्यामुळे बिस्किट खाऊ म्हणूनच द्यावं, दिवसाच्या आहारातल्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. मांजराचं गणित निराळं. ते मांसाहारीच, आणि गोडाची चव ओळखणारं त्याचं जनुक निकामी झालेलं आहे. त्याला बिस्किट नाही दिलं तरी त्याचं काही अडत नाही.

गोळा गूळ-मीठ घालण्याआधी वेगळा करायचा, यावर मी हटून बसते. आपल्या खाऊतल्या साध्या वस्तू कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. सगळ्यांत जास्त भीती मला मनुकांची वाटते, कारण त्या प्रत्येक डब्यात असतात. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपल्या शरीरात सहा ते दहा तासांत निम्मं होतं, कुत्र्यात त्याला सतरा-अठरा तास लागतात. कांदा-लसणानं तांबड्या रक्तपेशी फुटतात. साखर नसलेल्या काही तयार पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्यानं कोसळते. फल्लीदाण्यांचा कूट घरीच करायचा तो यासाठी. यातलं काहीही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करावा.

आता भाजणं. ओव्हन १६५ अंशांवर असला तरी ओलं बिस्किट शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कडा आधी वाळतात, तिथलं तापमान १४० अंशांपलीकडे जातं आणि अमिनो आम्लं व शर्करा यांच्यातली क्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. तो तांबूस रंग, तो खरपूस वास तिचाच. मधला भाग मात्र अजून मऊ असतो. म्हणून पंचवीस मिनिटांनी आच शंभर अंशांवर आणून आणखी अर्धा तास वाळवायचं. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच दोनदा भाजलेलं. नागपूरच्या मे महिन्यात ती उघड्या ताटलीतही कुरकुरीत राहतात. जुलैत मात्र हवेतली ओल शोषून संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, आणि कोहळ्यामुळे बुरशीही लवकर धरते. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि फ्रिज.

आमची बिस्किटं मी गोल कापते, मोतीची चौकोनी. गोल आधी तांबूस होतात, कारण गुळातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे मेयार यांची क्रिया त्यांच्यात लवकर वेग घेते. ती वाळवायला खालच्या ट्रेमध्ये जातात, आणि चौकोनी बिस्किटांना रंग चढेपर्यंत मोती ओट्याखाली मान वर करून बसलेला असतो.