चौदाव्या दिवशी भ्रूणात काय घडतं आणि कायद्यानं तोच दिवस का धरला?

शुक्राणू नाही, बीजांड नाही, तरीही प्रयोगशाळेत मानवी भ्रूण तयार झाला, अशा अर्थाच्या बातम्या २०२३च्या जून महिन्यात जगभर झळकल्या. त्या चर्चेत 'चौदा दिवसांचा नियम', म्हणजे संशोधनासाठी मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही हा नियम, वारंवार आला, आणि त्याबरोबर एक गैरसमजही आला. चौदाव्या दिवशी माणसाचा जीव सुरू होतो असं विज्ञानानं सिद्ध केलं आहे आणि म्हणून कायद्यानं तो दिवस धरला आहे, असं पुष्कळांना वाटतं. विज्ञानानं असं काहीही सिद्ध केलेलं नाही. तरीही तो आकडा मनाला येईल तसा काढलेला नाही. त्यामागचं जीवशास्त्र मला भ्रूणशास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतं.

१९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि मानवी भ्रूण शरीराबाहेर, काचेच्या बशीत दिसू लागला. त्यावर संशोधन करू द्यायचं का, आणि दिलं तर कुठपर्यंत? ब्रिटिश सरकारनं १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अ‍ॅन मॅक्लारेन या भ्रूणशास्त्रज्ञ तिच्या सदस्य होत्या. १९८४च्या अहवालात समितीनं चौदा दिवसांची मर्यादा सुचवली आणि १९९०च्या कायद्यात ती आली. पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली. भारतातही मूलपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी) संशोधनाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीच मर्यादा आहे.

आता त्या दोन आठवड्यांत काय होतं ते पाहू. फलनानंतर एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी आतून पोकळ असा पेशींचा गोळा तयार होतो. तो ब्लास्टोसिस्ट. त्याच्या बाहेरच्या थरातून पुढे वारेचा मोठा भाग बनतो. बाळाचं शरीर घडतं ते आत एका बाजूला चिकटलेल्या मूठभर पेशींपासून. ब्लास्टोसिस्ट गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, आतल्या पेशींची एक चपटी, दुपदरी चकती होते, आणि वरच्या पदरातून सगळं शरीर येणार असतं. पण त्या पदराला अजून डोकं नाही, पाय नाहीत. त्यातली कुठली पेशी मेंदूत जाईल आणि कुठली आतड्यात, हे पक्कं ठरलेलं नाही.

साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी या चकतीच्या एका कडेला पेशींची दाटी होऊन एक बारीक रेघ उमटते. तिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक, म्हणजे आदिम रेखा म्हणतात. वरच्या पदरातल्या पेशी या रेघेपाशी येतात, शेजारच्या पेशींशी असलेली घट्ट पकड सोडतात, आकार बदलतात आणि आत उतरतात. आधी उतरलेल्यांपासून अंतःस्तर होतो. त्यातून पुढे आतडी, यकृत, फुप्फुसांचं अस्तर येतं. नंतरच्या पेशींचा मध्यस्तर होतो, म्हणजे हृदय, स्नायू, हाडं, रक्त. ज्या वरच राहतात त्यांचा बहिःस्तर, म्हणजे त्वचा आणि मज्जासंस्था. शिवाय जिथे रेघ उमटली ते शेपटाचं टोक आणि तिच्या समोरची बाजू डोक्याची, हेही याच वेळी ठरतं.

पण रेघ नेमकी एकाच बाजूला का उमटते? उंदरांच्या भ्रूणावरून हे बरंचसं उलगडलं आहे. भोवतालच्या ऊतींकडून बीएमपी-४ या प्रथिनाचा संदेश येतो. तो व्हिंट नावाचा दुसरा संदेश चालू करतो आणि व्हिंट नोडाल नावाचा तिसरा. या तिघांच्या जोरावर पेशी आत उतरायला तयार होतात. त्याच वेळी चकतीच्या दुसऱ्या बाजूखालच्या पेशी व्हिंट आणि नोडाल यांना अडवणारी प्रथिनं सोडतात. जिथे अडवणूक आहे तिथे डोकं घडतं, जिथे नाही तिथे रेघ उमटते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अली ब्रिवानलू यांच्या गटानं २०१४ मध्ये मानवी मूलपेशी बारीक गोल ठिपक्यांवर वाढवल्या आणि त्यांना फक्त बीएमपी-४ दिलं. दोन दिवसांत त्या पेशी आपोआप एकात एक वर्तुळाकार पट्ट्यांत वाटल्या गेल्या. तिन्ही स्तरांच्या पेशी ओळीनं हजर! भ्रूण नव्हता, गर्भाशय नव्हतं, तरी शरीराचा पहिला आराखडा समोर आला.

जुळ्यांचा प्रश्नही या रेघेशी बांधलेला आहे. रेघ उमटण्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात. अगदी शेवटी, रेघेच्या सुमारास विभागणी सुरू झाली तर ती अर्धवट राहून सयामी, म्हणजे शरीरानं एकमेकांना जोडलेली जुळी होतात असं मानलं जातं. म्हणजे या रेघेआधी 'इथे एकच व्यक्ती घडते आहे' असं सांगता येत नाही. वॉरनॉक समितीला हा मुद्दा महत्त्वाचा वाटला. मात्र यावरून 'तेव्हाच जीव शिरतो' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. पेशी त्याआधीही जिवंत असतात, आणि वेदना जाणवण्यासाठी लागणारी मज्जासंस्था त्यानंतरही बराच काळ नसते. तसंच, गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अमुक औषध घेतलं की मुलगाच होतो, असं सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून दूर राहा. शुक्राणूतून एक्स गुणसूत्र येणार की वाय, हे फलनाच्या क्षणीच ठरलेलं असतं.

वॉरनॉक समितीचं शहाणपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. भ्रूणाचा नैतिक दर्जा काय, यावर समाजाचं एकमत होणार नाही हे तिनं ओळखलं. मग असा नियम हवा होता जो कुणालाही तपासता येईल आणि मोडला तर लपवता येणार नाही. दिवस मोजता येतात. कायद्यानंही आदिम रेखा चौदा दिवसांच्या आत उमटली असं धरून चालायचं, अशीच तरतूद केली. आणि हे सगळं वेळेआधी झालं. त्या काळी प्रयोगशाळेत मानवी भ्रूण एक-सव्वा आठवड्यापलीकडे टिकतच नव्हता. त्यामुळे मर्यादा ठरवताना कुणाचा चालू प्रयोग थांबवावा लागला नाही.

२०१६ मध्ये ते चित्र बदललं. केंब्रिजच्या मॅग्डालेना झेर्निका-गोएट्झ आणि ब्रिवानलू यांच्या गटांनी भ्रूण बारा-तेरा दिवस वाढवले आणि नियमामुळे प्रयोग तिथे थांबवले. मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२१ मध्ये चौदा दिवसांपलीकडचं संशोधन सरसकट निषिद्ध यादीतून काढलं. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेनं २०२३ मध्ये २८ दिवस सुचवले.

२८ दिवसांना माझा पाठिंबा आहे, कडक परवाना पद्धत असेल तर. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातला मानवी भ्रूण आपण जवळजवळ पाहिलेलाच नाही. त्यानंतरच्या टप्प्यातल्या ऊती गर्भपातानंतर, संमतीनं, संशोधनाला मिळू शकतात. या मधल्या काळातल्या मिळत नाहीत, आणि अनेक जन्मजात व्यंगांची मुळं याच काळात असतात.

भ्रूणाच्या प्रतिकृतींना, म्हणजे सुरुवातीच्या बातम्यांतल्यासारख्या शुक्राणू-बीजांडाशिवाय पेशींपासून केलेल्या भ्रूणासारख्या रचनांना, मात्र दिवसांची ही मोजणी लागूच पडत नाही. २०२३ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या जेकब हन्ना यांच्या गटानं मूलपेशींपासून केलेली रचना साधारण आठ दिवस वाढवली, आणि ती चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी दिसत होती. फलन झालंच नाही, मग पहिला दिवस कुठला? आठ धरायचे की चौदा? ऑस्ट्रेलियात त्वचेच्या पेशींपासून ब्लास्टोसिस्टसारख्या रचना केल्या गेल्या, तेव्हा तिथल्या नियामक समितीनं त्यांना भ्रूणच ठरवलं. ब्रिटनमध्ये २०२४ साली आलेली आचारसंहिता मात्र ऐच्छिक आहे, आणि तिच्यात सगळ्यांना लागू अशी दिवसांची मर्यादा नाही. प्रत्येक प्रकल्पाची मर्यादा देखरेख समितीनं ठरवायची आहे.

हा मार्ग मला अपुरा वाटतो, कारण ऐच्छिक संहिता मुळातच जबाबदार असलेल्यांनाच बांधते. प्रतिकृतींसाठी मर्यादा दिवसांवर ठेवण्यापेक्षा रचनेवर ठेवावी. मेंदूचा पाया, धडधडणारं हृदय, वारेची ऊती हे सगळं एकत्र दिसू लागलं की प्रयोग थांबवायचा, आणि अशी रचना कुठल्याही गर्भाशयात ठेवायला पूर्ण बंदी घालायची. ती बंदी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच, देशोदेशींच्या कायद्यांत स्पष्ट शब्दांत यायला हवी. सध्याच्या मानवी प्रतिकृती त्या टप्प्याच्या बऱ्याच अलीकडे आहेत, म्हणजे १९८४ प्रमाणे आताही कुणाचा चालू प्रयोग न मोडता हे ठरवता येईल.