दादरची चानकी आणि कुत्र्याचे बिस्किट

खानदेशात कुत्र्यासाठी वेगळे रांधण्याची चाल नव्हती, पण त्याचा वाटा ठरलेला होता. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची. काठवटीत उरलेल्या दादरच्या, म्हणजे खानदेशी रब्बी ज्वारीच्या, पिठाची चानकी (छोटी भाकरी) थापायची, चुलीपुढे कडक शेकायची आणि कुटका मोडून द्यायचा. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास आजही कुत्र्याला घालतात. त्यातला रोडगा त्याला चालतो, भरीत मात्र देऊ नये. कांदा, कांद्याची पात आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि भाजल्या-शिजवल्याने ती जात नाहीत. फिकट हिरड्या, थकवा, तांबूस-काळसर लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून भरितावर कुणाचा संशय जात नाही.

भाकरी देणे हा निव्वळ नाइलाज नव्हता. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले की, पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या धान्याबरोबर कुत्र्याचे पोटही बदलत गेले. अर्थात भाकरी पचते म्हणून ती पुरते असे नाही. शिवारात फिरणारे कुत्रे उंदीर-घुशी मारून प्रथिनांची तूट भरून काढी; घरात बांधलेल्याला ती सोय नाही.

विकतच्या बिस्किटाचा उगम इंग्लंडमधला. विजेपासून बचावाच्या सळ्या विकणारे अमेरिकन जेम्स स्प्रॅट यांनी 1860 च्या सुमारास लंडनमध्ये गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून कुत्र्यांसाठी टणक वड्या काढल्या. जहाजावरच्या सुक्या बिस्किटांवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बेकरीतून आजचे ‘मिल्क-बोन’ हे कुत्र्याचे बिस्किट बाहेर पडले. पुढे शतकभर ‘कुत्र्याचा खाऊ म्हणजे पुडा’ हे पक्के होत गेले. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमुळे (चिकट प्रथिनामुळे) कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली, मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला, आणि घरी खाऊ करण्याकडे पुष्कळ लोक वळले. खानदेशात ही वाट सोपी आहे, कारण मूळ जिन्नस डब्यातच असतो.

बिस्किटांसाठी दादरचे पीठ 200 ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा 100 ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचा कूट 20 ग्रॅम, एक अंडे. मीठ, गूळ, तिखट काही नाही. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने थंड पाण्यात भिजवलेले पीठ लाटताना चिरते आणि भाजल्यावर भुगा होतो. म्हणून निम्म्या पिठावर 60 ते 70 मिलिलिटर उकळते पाणी ओतून झाकावे, दहा मिनिटे वाफ जिरू द्यावी. कोमट झाल्यावरच अंडे फोडावे, नाहीतर ते गुठळ्या होऊन शिजते. बाकीचे जिन्नस घालून भाकरीसारखे चांगले मळावे, अर्धा सेंटिमीटर जाड लाटून साधारण 40 तुकडे कापावेत. ओव्हनमध्ये 160 अंशांवर 25 ते 30 मिनिटे, मग 100 अंशांवर तासभर ठेवावेत. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, उलटत-पालटत भाजावे. झाकण ठेवू नये. वाफ आत कोंडली की वरून कडक आणि आतून ओले राहते.

बिघडते ते बहुधा इथेच. गार झालेला तुकडा मोडून पाहावा: कटकन तुटला तर झाला, वाकला तर पुन्हा शेकायचा. हवाबंद डब्यात दोन आठवडे टिकतो; पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावा. बुरशीचा ठिपका दिसला की सगळा घाणा टाकावा, खरवडून देऊ नये. शेंगदाणेही निवडून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेल्या, कडू दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते. ते भाजून नष्ट होत नाही आणि कुत्र्याचे यकृत त्याने फार लवकर बिघडते. विकतचे पीनट बटर वापरायचे तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो, कुत्र्याला विषारी पदार्थ) नाही हे आधी वाचावे.

जळगाव-रावेरकडे केळी मुबलक, म्हणून ती पिठात घालण्याचा मोह होतो. साखरेमुळे कडा करपतात आणि मध्य ओला राहतो. त्यापेक्षा ताज्या केळ्याची एखादी चकती तशीच द्यावी. द्राक्षे आणि मनुका मात्र अजिबात नकोत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, आणि 2021 पासून पशुवैद्यकांचा संशय त्यांतल्या टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंच घातलेल्या आमटीत भिजवलेली भाकरीही नको.

दिवसाच्या उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांवर जाऊ नये. वरच्या मापाचा एक तुकडा साधारण 22 कॅलरींचा. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला दोन पुरेत.